कोल्हापुरात डेंग्यूच्या विषाणूचा माग कसा काढायचा: रुग्णयादीपासून वंशवृक्षापर्यंत

डेंग्यूच्या विषाणूचा जनुकीय माग काढायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी काम सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे जनुकीय अक्षरं क्रमाने वाचणाऱ्या, मशीनपासून सुरू होतं. नमुने कुठले, कुणाचे, तापाच्या कितव्या दिवसाचे, हा विचार मागाहून होतो. महिनाभर राबून वंशवृक्ष, म्हणजे कोणता विषाणू कुठल्यातून फुटला याचं चित्र, तयार होतो आणि ‘यावरून आपल्या जिल्ह्यात काय करायचं?’ असं कुणी विचारलं की उत्तर नसतं.

हा लेख लॅब टेक्निशियन, आरोग्यसेवक आणि साथरोगांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. रोख डेंग्यूवर आहे. चिकुनगुन्या आणि झिका यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. या कामातल्या बहुतेक चुका मशीनमध्ये होत नाहीत, त्या ट्यूबवरच्या चिठ्ठीवर होतात, असं माझं ठाम मत आहे. तारीख आणि ठिकाण चुकलं तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून सुरुवातीच्या तीन टप्प्यांवर आणि शेवटी वंशवृक्ष वाचण्यावर मी जास्त थांबणार आहे.

## टप्पा १: प्रश्न कागदावर लिहा

‘डेंग्यूचा अभ्यास करायचा आहे’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न असे असतात:

- यंदा जिल्ह्यात कोणता सेरोटाइप (डेंग्यूच्या डेन-१ ते डेन-४ या चार प्रकारांपैकी एक) जास्त दिसतो, आणि गेल्या हंगामापेक्षा तो बदलला आहे का?
- इचलकरंजीत आणि कोल्हापूर शहरात एकाच वेळी रुग्ण वाढले, तर दोन्हीकडे एकाच वंशाचा विषाणू आहे की तो दोन वेगळ्या वाटांनी आला?
- पावसानंतर दिसणारा विषाणू उन्हाळाभर इथेच टिकून राहिला, की बाहेरून पुन्हा आला?

पहिल्या प्रश्नाला सिक्वेन्सिंग लागतच नाही, आरटी-पीसीआर (नमुन्यातला विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) पुरते. दुसऱ्याला पूर्ण जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर, लागतात. तिसऱ्याला किमान दोन हंगामांचे पूर्ण जीनोम लागतात आणि मधल्या उन्हाळ्यातले नमुनेही लागतात. हे आधी न ठरवता नमुने गोळा केले, की शेवटी नेमके हवे तेच हाताशी नसतात.

इथे एक हिशेब प्रत्येकाने स्वतः करून बघावा. डेंग्यूचा जीनोम म्हणजे सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनए. त्यात दर अक्षरामागे वर्षाला साधारण ०.०००५ ते ०.००१ इतके बदल टिकून राहतात. मधला आकडा धरला तर पूर्ण जीनोममध्ये वर्षाला सात-आठ बदल होतात, म्हणजे जवळपास दीड महिन्याला एक. आता दुसरी बाजू बघा. डासाने रुग्णाला चावल्यावर त्या डासातून विषाणू पुढे जायला ८ ते १२ दिवस लागतात, आणि नव्या माणसाला ताप यायला आणखी ४ ते १० दिवस. माणूस-डास-माणूस अशी एक फेरी दोन ते तीन आठवड्यांची झाली. म्हणजे दोन-तीन फेऱ्या होऊन गेल्या तरी जीनोम जसाच्या तसा असू शकतो. त्यामुळे ‘या घरातून त्या घरात गेला’ हे जीनोमवरून सिद्ध करता येत नाही. असा प्रश्न लिहिला असेल तर तो आताच खोडा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. ई जनुक, म्हणजे विषाणूच्या आवरणाच्या प्रथिनाचं जनुक, फक्त १,४८५ अक्षरांचं आहे (डेन-३ मध्ये १,४७९). त्यात वर्षाला जेमतेम एक बदल होतो. तेवढंच वाचून जीनोटाइप (सेरोटाइपमधला उपगट) नीट कळतो, पण एकाच हंगामातली प्रसाराची वाट कळत नाही. तरीही खर्च वाचवण्यासाठी ई जनुकावर भागवून ‘शहरातला प्रसार’ असं शीर्षक दिलेले प्रबंध येत राहतात.

तपासा: संस्थेच्या नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी आली का? संमतिपत्र रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत आहे का? त्यात ‘जनुकीय तपासणी विषाणूची आहे, तुमची नाही’ हे स्पष्ट लिहिलं आहे का? या वाक्यावाचून लोक घाबरतात आणि नकार देतात.

## टप्पा २: रुग्णयादी तयार करा

रुग्णयादी, म्हणजे आपण सगळे जिला लाइन लिस्ट म्हणतो ती, नमुना घेण्याच्या आधी तयार हवी. एका रुग्णासाठी एक ओळ. रकाने असे ठेवा: गोपनीय क्रमांक, वय, लिंग, ताप सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, चाचणीचा प्रकार आणि निकाल, राहण्याचं ठिकाण, दिवसा असण्याचं ठिकाण, मागच्या १४ दिवसांतला प्रवास, दाखल झाला का, आणि गंभीर लक्षणं होती का.

तारखा. तीन तारखा असतात: ताप आल्याची, नमुना घेतल्याची, अहवाल आल्याची. साथीचा आलेख नेहमी तापाच्या तारखेवर काढायचा. अहवालाच्या तारखेवर काढला तर गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत लॅब बंद राहिली की साथ ओसरल्यासारखी दिसते आणि सुट्टी संपली की अचानक उसळते. रुग्णाला तारीख आठवत नसेल तर ‘बाजाराचा वार होता का, कामाला गेला होता का’ असं विचारत मागे जा. तरीही नक्की होत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका.

एक्सेल ५/८ चे ८ मे करून टाकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशाच क्रमाने, मजकूर म्हणून लिहा: २०२४-०८-०५.

ठिकाण. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात बाराही तालुक्यांतून रुग्ण येतात, निपाणी-चिकोडीकडूनही येतात. दाखल झाल्याचं ठिकाण म्हणजे लागण झाल्याचं ठिकाण नव्हे. शहरातले पत्ते ‘अमुक तालमीच्या मागे’ किंवा ‘तमक्या मंडळासमोर’ असे असतात. माणसाला ते पुरतात, नकाशाला पुरत नाहीत. आशाताई किंवा आरोग्यसेवक घरी जातील तेव्हा मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्यायला सांगा, चार दशांश स्थळांपर्यंत. त्यात साधारण दहा-अकरा मीटरची अचूकता मिळते. ही माहिती कुलूपबंद फाइलमध्येच राहील.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो. बहुतेक माद्या जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आत आयुष्य काढतात. म्हणून नुसता घरचा पत्ता अपुरा आहे. इचलकरंजीत यंत्रमागावर दिवसपाळी करणारा, गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत जाणारा, शाळेत सहा तास बसणारं मूल, या प्रत्येकाला घराबाहेर चावा बसला असण्याची शक्यता तेवढीच मोठी. ‘दिवसा कुठे असता?’ हा रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा आढळतो, आणि नकाशावर रुग्ण विखुरलेले दिसण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

प्रवास. ‘बाहेरगावी गेला होता का?’ असं विचारलं की ‘नाही’ येतं. पुण्याहून सुट्टीला घरी आलेला विद्यार्थी स्वतःला प्रवासी समजत नाही. ऊसतोडीला आलेलं कुटुंब, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येऊन नातेवाइकांकडे राहिलेले पाहुणे, नवी मुंबईतून घर गाठलेला मुलगा, सगळ्यांना ‘गेले दोन आठवडे रात्री कुठे झोपलात आणि दिवसा कुठे होता?’ असंच विचारा. विषाणू लांबचा प्रवास करतो तो बहुतेक वेळा माणसाच्या रक्तातून.

सावधान: एकच रुग्ण आधी खासगी लॅबमध्ये आणि मग सरकारी रुग्णालयात पॉझिटिव्ह येतो आणि दोनदा मोजला जातो. वय, लिंग, वस्ती आणि तापाची तारीख जुळवून आठवड्यातून एकदा यादी गाळा. आयएचआयपी या सरकारी रोगनोंदणी पोर्टलवरची नोंद आणि तुमची यादी यांची संख्या जुळत नसेल तर फरकाचं कारण लिहून ठेवा.

## टप्पा ३: नमुना योग्य दिवशी घ्या आणि थंड ठेवा

विषाणूचा आरएनए रक्तात तापाच्या पहिल्या पाच दिवसांत चांगला सापडतो. त्यानंतर तो झपाट्याने कमी होतो आणि आयजीएम प्रतिपिंडं दिसू लागतात. एनएस१ या विषाणूच्या प्रथिनाची (प्रतिजनाची) चाचणीही सुरुवातीच्या दिवसांतली. म्हणून नियम सोपा आहे: पाचव्या दिवसापर्यंत एनएस१ एलायझा (प्रतिजन किंवा प्रतिपिंडं शोधणारी लॅबमधली चाचणी) आणि आरटी-पीसीआर, त्यानंतर आयजीएम एलायझा. राष्ट्रीय कार्यक्रमात एलायझावरचं निदानच ग्राह्य धरतात, रॅपिड कार्डवरचं नाही. कार्ड पॉझिटिव्ह आलेला नमुना सिक्वेन्सिंगसाठी निवडताना तापाचा दिवस बघा. आयजीएमच्या पट्टीवर पॉझिटिव्ह आलेला आठव्या दिवसाचा नमुना बर्फात घालून पाठवला तरी हाती काही लागणार नाही.

पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या रुग्णात एनएस१ लवकर निगेटिव्ह होऊ शकतो. तापाचा दुसरा-तिसरा दिवस आहे, लक्षणं स्पष्ट आहेत आणि एनएस१ निगेटिव्ह आहे, असे काही नमुने मुद्दाम पीसीआरला घाला. ते वगळले तर दुसऱ्यांदा लागण झालेले रुग्ण अभ्यासातून गळतात, आणि गंभीर आजाराचा धोका त्यांनाच जास्त असतो.

कामाचा क्रम:

1. साध्या किंवा जेल असलेल्या ट्यूबमध्ये ३ ते ५ मिलिलिटर रक्त घ्या. प्लाझ्मा हवा असेल तर ईडीटीए चालतं. हेपारिनची ट्यूब नको, ती पीसीआर अडवते.
2. ट्यूबवर गोपनीय क्रमांक आणि तारीख रक्त घेण्याआधी लिहा. नाव लिहू नका. थंडीत पुसली न जाणारी शाई किंवा छापील बारकोड वापरा.
3. गुठळी नीट बसू द्या, मग सेंट्रिफ्यूज करून सिरम वेगळं करा. हे काम त्याच दिवशी, शक्य तर काही तासांत.
4. सिरमचे तीन भाग करा: एक एलायझाला, एक आरएनएला, एक राखीव.
5. दोन दिवसांत लॅबला पोहोचणार असेल तर २ ते ८ अंश सेल्सिअसवर ठेवा. त्याहून वेळ लागणार असेल तर उणे ७० किंवा त्याखाली.
6. तिहेरी आवरणात बांधा: ट्यूब, तिच्याभोवती शोषक कापूस आणि गळती न होणारा डबा, त्याबाहेर थर्मल खोका. रुग्णयादीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, खोक्याच्या आत पण डब्याच्या बाहेर.

सावधान: न वेगळं केलेलं रक्त कधीही गोठवू नका. तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन पीसीआरला अडथळा करतं. ग्रामीण रुग्णालयात सेंट्रिफ्यूज बंद असेल तर रक्त फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि गाडी पाठवा.

गोठवणं आणि वितळवणं जितक्या वेळा होईल तितका आरएनए तुटतो. गगनबावड्याकडून किंवा चंदगडहून येणारा खोका वाटेत दोनदा उघडला, बर्फ पाणी झाला आणि पुन्हा गोठला, तर चाचणीचा निकाल कदाचित पॉझिटिव्ह येईल, पण पूर्ण जीनोम मिळणार नाही. खोक्यात तापमान नोंदणारं छोटं यंत्र ठेवा. पुण्यापर्यंतचा रस्ता साधारण २३० किलोमीटरचा आहे; तो अवघड नाही. अवघड असतं ते नमुना घेतल्यापासून जिल्ह्याच्या लॅबच्या फ्रीजपर्यंतचं अंतर.

चिकुनगुन्यात पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू भरपूर असतो, त्यामुळे नमुना मिळवणं तुलनेने सोपं. झिकात उलट: रक्तात तो कमी आणि थोडेच दिवस असतो, लघवीत जास्त दिवस सापडतो. झिकाचा संशय असेल तर दोन्ही नमुने घ्या.

## टप्पा ४: डासांचे नमुने

हे काम सगळ्यांना जमेलच असं नाही, आणि जमत नसेल तर सोडून द्या. अर्धवट डास-सर्वेक्षणापेक्षा नीट केलेली रुग्णयादी जास्त उपयोगाची.

करायचंच असेल तर रुग्णाच्या घरी आणि दिवसा असण्याच्या ठिकाणी, दोन्हीकडे करा. बॅरल, सिमेंटचा हौद, रांजण, गच्चीवरची उघडी टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुलर, भंगारातले टायर, कुंड्यांखालच्या बशा. जिथे पाणी रोज येत नाही तिथे साठवण वाढते आणि अळ्याही. तपासलेली घरं, अळ्या सापडलेली घरं, तपासलेली भांडी आणि अळ्या सापडलेली भांडी, या चार संख्या वेगवेगळ्या लिहा. घर निर्देशांक, भांडी निर्देशांक आणि ब्रेटो निर्देशांक (दर शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी) त्यातून निघतात. फक्त टक्केवारी लिहून मूळ संख्या फेकून दिल्या तर नंतर काहीच पडताळता येत नाही.

प्रौढ डास अ‍ॅस्पिरेटरने किंवा सापळ्याने पकडा. छातीवर वीणेच्या आकाराची पांढरी नक्षी असेल तर इजिप्ती, मधोमध एकच पांढरा पट्टा असेल तर एडिसचीच दुसरी जात, अल्बोपिक्टस. जात, लिंग, जागा आणि तारीख एकच असलेले वीस-पंचवीस डास एका ट्यूबमध्ये ठेवा. पोट रक्ताने भरलेल्या माद्या वेगळ्या काढा, कारण त्यांच्यात सापडलेला विषाणू नुकत्याच चावलेल्या माणसाचाही असू शकतो.

सावधान: धूरफवारणी झाल्यावर लगेच डास पकडायला जाऊ नका, आणि अबेट (अळीनाशक) टाकलेल्या हौदावरून त्या वस्तीचा निर्देशांक काढू नका. फवारणीचं वेळापत्रक आधी मागून घ्या.

## टप्पा ५: आरटी-पीसीआर आणि नमुन्यांची निवड

किटच्या सूचनेप्रमाणे आरएनए वेगळा करा. बहुतेक कॉलम-किटमध्ये १४० मायक्रोलिटर सिरम लागतं. चारही सेरोटाइप एकाच वेळी ओळखणारी रिअल-टाइम चाचणी वापरा. प्रत्येक खेपेत एक निगेटिव्ह कंट्रोल आरएनए काढण्याच्या पायरीपासूनच ठेवा, फक्त पीसीआरच्या वेळी पाणी घालून भागवू नका. एका रुग्णात दोन सेरोटाइप आले तर उत्साहात नोंदवण्याआधी राखीव भागातून पुन्हा आरएनए काढून खात्री करा. असे रुग्ण भारतात सापडतात हे खरं, पण शेजारच्या खड्ड्यातून उडालेला थेंबही तसाच निकाल देतो.

सिक्वेन्सिंगला साधारण ३० च्या आतल्या सीटी व्हॅल्यूचे (पीसीआरमधला हा आकडा जितका कमी तितका विषाणू जास्त) नमुने चांगले चालतात. त्यावरचे घेतले तर जीनोममध्ये मोठी भगदाडं राहतात.

निवड करताना लोक सर्वांत कमी सीटीचे नमुने वरून उचलतात. ते सगळे एकाच आठवड्यातले आणि एकाच रुग्णालयातले निघतात. त्याऐवजी रुग्णयादीचे गट पाडा: आठवडा आणि भाग. भाग म्हणजे शहर, इचलकरंजी, शिरोळ-हातकणंगले पट्टा, कागल-गडहिंग्लज पट्टा, पश्चिमेचे डोंगरी तालुके, असं काहीतरी समजण्याजोगं. प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून सारखे नमुने घ्या. फक्त दाखल झालेले रुग्ण घेऊ नका, बाह्यरुग्ण विभागातलेही घ्या. नाहीतर ‘हा वंश गंभीर आजार करतो’ असा चुकीचा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही.

## टप्पा ६: सिक्वेन्सिंग आणि कन्सेन्सस (सगळी वाचनं मिळून ठरलेला एक क्रम)

सिरममध्ये विषाणूपेक्षा माणसाचे न्यूक्लिक आम्ल जास्त असतात, म्हणून बहुतेक लॅब अ‍ॅम्प्लिकॉन पद्धत वापरतात. जीनोमचे एकमेकांवर थोडे चढणारे, सुमारे ४०० अक्षरांचे किंवा त्याहून मोठे तुकडे दोन वेगळ्या ट्यूबमध्ये वाढवायचे आणि मग एकत्र वाचायचे. प्रायमर (तुकडा वाढवायला सुरुवात करून देणारे छोटे डीएनए) सेरोटाइपप्रमाणे वेगळे असतात, त्यामुळे टप्पा ५ मधला सेरोटाइप चुकला की इथे सगळं वाया जातं.

सिक्वेन्सिंगचं मशीन नॅनोपोर असो की इल्युमिना, पुढचा क्रम बदलत नाही: बारकोडप्रमाणे रीड (मशीनने वाचलेले तुकडे) वेगळे करा, निकृष्ट रीड टाका, जवळच्या संदर्भ जीनोमशी जुळवा, प्रायमरचा भाग कापा, मग बदल शोधा आणि कन्सेन्सस काढा. प्रायमर न कापता बदल शोधले तर त्या जागी विषाणूची अक्षरं दिसत नाहीत, आपण घातलेल्या प्रायमरची दिसतात.

संदर्भ जीनोम निवडताना तोच सेरोटाइप आणि शक्यतो तोच जीनोटाइप घ्या. भारतात डेन-२ चे बहुतेक नमुने कॉस्मोपॉलिटन जीनोटाइपचे असतात. त्यांना न्यू गिनीतल्या १९४४ च्या जुन्या विषाणूशी जुळवलं तर काही भागांत रीड बसतच नाहीत.

पुरेशा खोलीपर्यंत, म्हणजे पुरेशा वेळा, वाचन न झालेली जागा ‘एन’ (अक्षर माहीत नाही) ने झाका. नॅनोपोरसाठी २० रीड, इल्युमिनासाठी १० रीड ही सर्वसाधारण किमान मर्यादा. काही पाइपलाइन मोकळ्या जागेत गुपचूप संदर्भ जीनोमची अक्षरं भरतात. मग तुमचा कोल्हापूरचा विषाणू त्या भागात परदेशातल्या जुन्या विषाणूसारखा दिसतो आणि वंशवृक्षात भलतीकडे जाऊन बसतो.

तपासा, पुढे जाण्याआधी:

- निगेटिव्ह कंट्रोलमध्ये विषाणूचे रीड किती? काही तुकडे पूर्ण वाचले गेले असतील तर ती खेप बाद.
- जीनोमचा किती भाग भरला? प्रसाराच्या प्रश्नासाठी ९० टक्क्यांहून कमी भरलेले जीनोम बाजूला ठेवा.
- मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) किंवा तीन-तीन अक्षरांची चौकट सरकवणारी तूट आहे का? डेंग्यू एकच लांब प्रथिन तयार करतो. तसं दिसलं तर बहुतेक वेळा ती वाचनातली चूक असते.
- एकाच जागी अनेक नमुन्यांत ‘एन’ येतात का? तिथे प्रायमर बसत नाही. विषाणू बदलल्याची खूण असू शकते, नवा प्रायमर घ्या.

## टप्पा ७: वंशवृक्ष उभारा

आपले जीनोम एकटे वंशवृक्षात घालण्यात अर्थ नाही. सार्वजनिक संग्रहातून त्याच जीनोटाइपचे जीनोम घ्या: महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ, तमिळनाडू, दिल्ली, शेजारचे देश. ज्यांना संकलनाची तारीख आणि ठिकाण नाही ते वगळा. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेले जुने वाण वगळा.

जीनोटाइपचं नाव लिहिताना कोणती पद्धत वापरली ते सांगा. डेन-१ चा अमेरिका-आफ्रिका गट काही लेखांत जीनोटाइप ३ आणि काहींत जीनोटाइप ५ म्हणून येतो. दोन लेख वाचून ‘जीनोटाइप बदलला’ असं लिहिणारे याच खड्ड्यात पडतात. २०२४ मध्ये डेंग्यूसाठी सेरोटाइप, जीनोटाइप, मुख्य वंश, उपवंश अशी एकसारखी नामपद्धती आली आहे, ती वापरणं उत्तम.

क्रम असा: माफ्ट या सॉफ्टवेअरने अलाइनमेंट (सगळे जीनोम अक्षराखाली अक्षर लावणं), डोळ्यांनी तपासणी, दोन्ही टोकांचे न भरलेले भाग कापणं, आयक्यू-ट्रीने मॅक्झिमम लाइकलिहुड (सर्वांत संभाव्य) वृक्ष आणि फांद्यांचं बूटस्ट्रॅप, म्हणजे प्रत्येक फांदी किती भरवशाची ते मोजणं. अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप वापरत असाल तर ९५ च्या खालच्या फांदीवर कसलाही दावा करू नका. साध्या बूटस्ट्रॅपसाठी ७० ही जी सवय लागलेली असते, ती इथे लागू नाही.

मग टेम्पएस्ट या सॉफ्टवेअरमध्ये तारखेप्रमाणे बदल वाढत जातात का ते बघा. एखादा नमुना रेषेपासून लांब पडला तर आधी त्याची तारीख तपासा. दहापैकी नऊदा दोष तिथेच असतो. रेषा नीट आल्यावरच ट्रीटाइम किंवा बीस्ट या सॉफ्टवेअरने काळाचा वृक्ष (फांद्या कधी फुटल्या ते दाखवणारा) काढा. नेक्स्टस्ट्रेनची साधनं ही सगळी साखळी एकत्र देतात, नव्या माणसाने तिथून सुरुवात करावी.

## टप्पा ८: वंशवृक्ष वाचा

सर्वांत जास्त घाई इथे होते.

‘पुण्याहून आला.’ कोल्हापूरचे जीनोम पुण्याच्या जीनोममधून फुटलेले दिसले की हे वाक्य लिहिलं जातं. पण पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, तिथले नमुने जास्त वाचले जातात. बेळगाव, सांगली, सिंधुदुर्गचे जीनोम संग्रहात अगदी थोडे असतील तर विषाणू तिथून आला तरी वृक्ष पुण्याकडेच बोट दाखवेल. प्रत्येक ठिकाणचे सारखे नमुने ठेवून वृक्ष पुन्हा काढा. निष्कर्ष बदलला तर तो निष्कर्ष नव्हता. रुग्णयादीतला प्रवासाचा रकाना इथे कामाला येतो: वृक्ष आणि प्रवास दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच ‘संभवतः’ लिहा.

‘एकाच घोसातले म्हणजे एकमेकांकडून लागलेले.’ टप्पा १ मधला हिशेब आठवा. एकसारखे जीनोम म्हणजे गेल्या एक-दोन महिन्यांतला जवळचा संबंध, एवढंच. उलटं विधान मात्र भक्कम असतं: दोन गल्ल्यांतले जीनोम वीस-पंचवीस अक्षरांनी वेगळे असतील तर ती एकाच हंगामातली साखळी नाही. जीनोम संबंध सिद्ध करण्यापेक्षा संबंध नाकारण्यासाठी जास्त भरवशाचा आहे. माझ्या मते जिल्हा पातळीवर त्याचा खरा उपयोग हाच.

‘इथेच टिकून राहिला.’ दोन हंगामांचे कोल्हापूरचे जीनोम सलग फांदीवर आले, तरी मध्ये शेजारच्या जिल्ह्यातले जीनोम नसतील तर टिकून राहिला की शेजारून परत आला हे ठरत नाही. इजिप्तीची अंडी कोरड्या हौदाच्या भिंतीवर महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे डास टिकतो हे नक्की. विषाणू टिकला हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

‘नवा घातक म्युटंट.’ एखादं अमिनो आम्ल बदललेलं दिसलं आणि त्या वर्षी रुग्ण जास्त होते, एवढ्यावरून विषाणू घातक झाला असं ठरत नाही. अनेक बदल केवळ योगायोगाने वाढलेल्या फांदीबरोबर पसरतात. चिकुनगुन्याच्या ई१ प्रथिनात २२६ व्या जागी अ‍ॅलॅनिनऐवजी व्हॅलिन आलं, तेव्हा २००५-०६ च्या रीयुनियनच्या साथीनंतर प्रत्यक्ष डासांवर प्रयोग झाले. त्या बदलामुळे अल्बोपिक्टसमध्ये विषाणू अधिक चांगला वाढतो हे दाखवल्यावरच त्याला महत्त्व मिळालं. तितका पुरावा नसेल तर ‘हा बदल आढळला’ इथेच थांबा. पत्रकाराशी बोलतानाही इथेच थांबा.

## टप्पा ९: निकाल परत पोहोचवा

लॅबचा निकाल जिल्हा हिवताप अधिकारी, महापालिकेचा आरोग्य विभाग आणि नमुने देणाऱ्या रुग्णालयांपर्यंत एका पानात गेला पाहिजे, आणि हंगाम चालू असताना गेला पाहिजे. सेरोटाइपचा निकाल आठवड्याला पाठवा. जीनोमची वाट बघत तो अडवून ठेवू नका. जिल्ह्यात काही वर्षं न दिसलेला सेरोटाइप वाढू लागला, तर डॉक्टरांना ते तातडीने कळवणं आवश्यक आहे: जुन्या सेरोटाइपची प्रतिकारशक्ती नव्यापासून कायमचं संरक्षण देत नाही, आणि वेगळ्या सेरोटाइपची दुसरी लागण गंभीर होण्याचा धोका वाढवते.

त्या पानावर नमुन्यांची संख्या आधी, टक्केवारी नंतर. ‘जिल्ह्यातल्या ६० टक्के रुग्णांत डेन-२’ असं लिहू नका. ‘या चार आठवड्यांत तपासलेल्या ३० नमुन्यांपैकी १८ मध्ये डेन-२’ असं लिहा. कोणत्या तालुक्यातून एकही नमुना आला नाही तेही लिहा. नकाशावर रिकामा दिसणारा शाहूवाडी म्हणजे डेंग्यू नसलेला शाहूवाडी, असा समज अन्यथा होतोच. वस्तीपातळीचा नकाशा फक्त कंटेनर सर्वेक्षण करणाऱ्या पथकाला द्या, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर नको. घर ओळखू येईल असा एक ठिपका पुरतो आणि पुढच्या वेळी त्या गल्लीत कुणी दार उघडत नाही.

जीनोम फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात किंवा जेनबँकेसारख्या खुल्या संग्रहात जमा करा. तारीख दिवसापर्यंत द्या, ठिकाण तालुक्यापर्यंत, वय दशकाच्या गटात. कच्चे रीडही जमा करा, पण माणसाचे रीड गाळून. प्रबंध पूर्ण होईपर्यंत ते दाबून ठेवले, तर शेजारच्या जिल्ह्यातला अभ्यासक त्याच्या वृक्षात कोल्हापूर रिकामंच बघतो आणि टप्पा ८ मधली पुण्याची चूक आपल्या बाबतीत करतो.

शेवटचं काम मार्च ते मे मधलं. रुग्ण थोडे असतात, म्हणून नमुने घेणं थांबवलं जातं. त्या महिन्यांत येणारा प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना, सीटी कितीही असो, उणे ८० वर ठेवा. खोक्याचा क्रमांक आणि जागा रुग्णयादीत लिहा आणि फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे की नाही ते वळवाच्या आधी बघून घ्या.